कोंडिबाअण्णांच्या रानात होडी

गुडघाभर पाण्यात मी एकदा बुडता बुडता वाचलो आहे. हे मी कुणाला सांगत नाही, पण माझ्या सासुरवाडीत सगळ्यांना माहीत आहे, आणि माझी सासुरवाडी म्हणजे गंगापूर तालुक्यातलं धरणाच्या काठचं अख्खं गाव.

माझे सासरे, आबा, कमी बोलतात. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. वाईटही म्हटलेलं नाही, पण शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं ते तोंड भरून कौतुक करतात, त्यामुळे मनाला लागतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी शहरातल्या शहागंज बाजारातून ताणून लांब होणारी गळाची काठी घेतली, केशरी लाइफ जॅकेट घेतलं आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, की उद्या दुपारचं कालवण मी पकडलेल्या मरळीचं! होडी कोण चालवणार, असं शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं. मी म्हटलं, बोटीचं मला सांगू नका. (शहरातल्या बागेच्या तळ्यात पायडल मारायची बदकाची बोट मी दोनदा चालवली आहे. दुसऱ्यांदा ती धक्क्याला परतही आली होती.)

सकाळी एका ओळखीच्या मच्छीमाराची होडी मागून आणली. आबा पुढे बसले, मी वल्ही घेतली. धरणाचं पाणी असं पसरलेलं, की पलीकडचा काठ दिसत नाही. आणि उन्हाळ्यात असं उथळ, की बगळे ऐन मध्यावर उभे राहून आपल्याकडे बघतात. मरळीची जागा समोरच होती, लव्हाळ्याच्या बेटापाशी. मी होडी सरळ तिकडे घातली, तर आबांनी हात आडवा केला.

“तिकडून नाय. ते कोंडिबाचं रान हाय.”

मी चहूकडे पाहिलं. सगळीकडे पाणी.

“आबा, पाण्यात कसलं रान?”

“पाणी सरकारचं. रान कोंडिबाचं.”

कोंडिबाअण्णा म्हणजे आबांचे चुलतभाऊ. दोघांची जुनी शेतं एकमेकांना लागून होती. अर्ध्या शतकापूर्वी धरण झालं, गाव वर सरकलं आणि शेतं पाण्याखाली गेली. पहिल्या उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर दोघं शेत बघायला गेले, तर मधल्या बांधावरचा हद्दीचा दगड सापडेना. दगड कोंडिबानं उपटला, असं आबांचं म्हणणं, आणि आबांनी उपटला, असं अण्णांचं. तेव्हापासून बोलणं बंद. जमीन सरकारजमा झाली, भांडण तेवढं दोघांनी स्वतःकडे ठेवलं.

मग आम्ही गाडीरस्त्याने निघालो. म्हणजे पाण्यावरूनच, पण रस्त्याने. मारुतीपासून डावीकडं, असं आबा म्हणाले. (मारुती केव्हाच नव्या गावात राहायला गेलेला.) मी डावीकडे वळलो. पुढे नसलेल्या चिंचेला वळसा घातला. ओढा आला म्हणून आबांनी धोतर सावरलं. तासभर हा प्रवास चालला आणि लव्हाळ्याचं बेट लांबच गेलं. ऊन चढलं, घरी शोभानं मसाला वाटायला घेतला असणार आणि माझ्या गळाला अजून पाणीसुद्धा लागलं नव्हतं. चौदा वर्षं पाहिलेली वाट वाया जाताना दिसली. माझं डोकं फिरलं आणि मी होडी सरळ कोंडिबाअण्णांच्या रानात घातली.

मी दुसऱ्याच्या घरात चपलांसकट शिरावं, तसे आबांनी डोळे मिटून घेतले.

खालून खट्ट असा आवाज झाला. होडी थांबली, मी थांबलो नाही. डोकं खाली, पाय वर असा पाण्यात गेलो. लाइफ जॅकेट इमानी निघालं. ते मला काही केल्या आडव्याचं उभं होऊ देईना. मी हातपाय झाडत वाचवा, वाचवा म्हणून ओरडत होतो आणि आबा होडीच्या काठावरून वाकून शांतपणे बघत होते. शेवटचं बघतायत, असं मला वाटलं.

जवळच म्हशी पाण्यात सोडून, जाळं लावून कोंडिबाअण्णा उभे होते. ते चालत आले.

“उभे ऱ्हावा, जावईबापू,” ते म्हणाले.

मी उभा राहिलो. पाणी गुडघ्याला लागलं.

आता दोघे चुलतभाऊ चार हातांवर, आणि मध्ये ठिबकणारा मी. आबांनी माझ्यामार्फत कळवलं, की आम्ही मुद्दाम आलो नाही. अण्णांनी माझ्यामार्फत कळवलं, की दुसऱ्याच्या रानात शिरताना विचारायची पद्धत असते. लाज वाटून मी होडी कशात अडकली ते बघायला खाली हात घातला. गाळात पुरलेला एक चौकोनी दगड लागला. वरच्या अंगाला छिन्नीनं कोरलेली फुली होती.

मी तसं सांगताच सत्तरी ओलांडलेले दोन म्हातारे पाण्यात बसले आणि चाचपू लागले.

“दगड इथंच हाय की रं,” अण्णा म्हणाले. माझ्यामार्फत नाही.

“व्हय,” आबा म्हणाले. “जाग्यावरच हाय.”

आबांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण माझ्या नाकातही पाणी गेलं होतं. जागा पुन्हा हरवू नये म्हणून दोघांनी माझी नवी कोरी काठी पूर्ण लांब करून दगडाशेजारी रोवली. मला विचारलं नाही. अण्णांनी त्यांच्या जाळ्यातल्या दोन मरळी दिल्या, होडी म्हशीला बांधली आणि त्या म्हशीमागून मी सासुरवाडीला पोचलो.

जेवताना आबांनी ताटातून मान वर केली. “जावई लई कामाचे,” ते म्हणाले. “आमाला उभ्या जन्मात घावलं नाय, ते ह्यांनी एका टकरीत काढलं.” मी शोभाला ते पुन्हा दोनदा म्हणायला लावलं.

पावसाळ्यात धरण भरलं. दिवाळीत गेलो, तर काठी गायब! काठी कोंडिबानं उपटली, असं आबांचं म्हणणं. आबांनी उपटली, असं अण्णांचं. बोलणं पुन्हा बंद.

आता या उन्हाळ्यात दगड शोधून द्यायला दोघांनीही मला वेगवेगळं बोलावलंय, कारण होडी नेमकी त्यावर आपटणं मलाच जमतं, अशी दोघांची खात्री आहे. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे, म्हणून मी नाही म्हणालो नाही. उलट तयारी म्हणून शहरात पोहण्याचा क्लास लावलाय. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या दिवशी मला पाण्यात बघितलं आणि पोहणं तूर्त बाजूला ठेवलं. सध्या ते मला उभं राहायला शिकवतायत.