उभं राहून फाइल उघडणारे सर

कुणाचीही फाइल उघडायची झाली की आमचे कॉम्प्युटरचे सर खुर्ची मागं सारून उभे राहायचे. श्वास धरून क्लिक करायचे आणि अक्षरं नीट दिसली की मगच बसायचे. कुंभारीच्या शाळेत आम्ही पोरी त्यांची नक्कल करून पोट धरधरून हसायचो.

तसं कारणही होतं. शाळेतल्या कॉम्प्युटरवरचा मराठी फॉन्ट जुनाट, दुसरीकडं कुठंच नसलेला. रेणुकाचा विज्ञान प्रकल्प सोलापुरात परीक्षकांपुढं उघडला, तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिखल! पोरगी तिथंच रडायला लागली. तेव्हापासून सरांनी धोशा लावला, "आपल्याकडं उघडतंय ह्याला काय अर्थ न्हाय. समोरच्याकडं उघडलं पायजे. पीडीएफ करा, मगच पाठवा."

आणि स्वतःची फाइल? ती त्याच फॉन्टात! सर मूळचे मैंदर्गीचे. तिकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचे मराठी-कानडी शब्द ते कितीतरी वर्षं टिपत होते. ते सगळं शाळेतल्या त्या एका खडखडणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्यात. डबा बसला की सगळं पाण्यात, हे आम्हालासुद्धा कळायचं.

"सर, तुमच्या फाइलची पण पीडीएफ करा की," मी हात धुऊन मागं लागायची.

"पीडीएफ केली म्हंजी संपलं गं. माझं आजून संपलं न्हाय," सर हसायचे. मला ते हसणं कधीच आवडलं नाही.

पुढं मी पुण्याला नोकरीला लागले. दिवाळीत सरांच्या घरी भेटायला गेले, तर सर पार वाळले होते. बोलताना मध्येच थांबून दम खात होते. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलंय आणि हे टाळतायत, असं काकूंनी, सरांच्या बायकोनं, स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मी सरांवर चिडलेच.

"'ह'चे शब्द राहिल्यात. तेवढं झालं की जातो."

"शब्द काय पळून जातायत का, सर?"

"सांगणारी मान्सं चाललीत की," ते म्हणाले आणि शाळेतून घरी आणलेल्या त्याच डब्याच्या पडद्याकडं पुन्हा वळले. मी चहा तसाच ठेवून निघाले.

परवा दुपारी ऑफिसात मोबाइल वाजला. सरांनी फाइल पाठवली होती. खाली एवढंच, "उघडतंय का?" फाइलच्या नावाकडं पाहिलं. पीडीएफ होती.

मी खुर्चीतून कधी उठले, कळलंच नाही. उभ्यानंच उघडली आणि पान न् पान चाळलं. 'अ'पासून 'ह'पर्यंत अक्षर न् अक्षर जागेवर होतं. "उघडलं, सर," असं लिहून पाठवलं आणि लगेच फोन लावला. काकूंनी उचलला.

"आत्ताच आपरेशनला आत नेलं गं. तुझं उत्तर आलं का, म्हणून सारखं इचारत हुते."

सर बाहेर आले नाहीत. माझा निरोप त्यांच्या फोनवर अजून तसाच आहे, न उघडलेला.