गळ्यातला सम्राट

मूल गावच्या बाजारात दागिने सांधून देणाऱ्या त्या मुसलमान कारागिराची नजर वाईट आहे, असे जे सांगतात ते खोटे बोलतात. त्याच्या दुकानात रोज मी बसतो, ते बसत नाहीत.

रोमच्या सम्राटांची जुनी नाणी जमवण्याचा त्याला छंद आहे. त्याच्याकडे सहा आहेत, सगळी तांब्याची आणि झिजलेली. नाणे तो फक्त कडेने धरतो. चहावाल्याला द्यायचा रुपयासुद्धा तसाच.

दिवाळीनंतर एक शेतकरी बाई पोत घेऊन आली. पोतीत सोन्याचे रोमन नाणे होते आणि त्याची कडी तुटली होती.

“भोक पाडून द्या, भाऊ.”

“याले भोक नोका पाडू, बाई. दोन हजार वर्षांचा राजा हाय. मलेच विकून टाका.”

“सासूची हाय, विकाची नाई. अन् राजा असन, पण गळ्यात टिकला पाह्यजे ना.”

दुपारभर खपून त्याने भोक न पाडता नाण्याभोवती तारेचे कोंदण बसवले आणि पोत तिच्या हाती दिली.

तेव्हापासून दर बाजाराला तो दारात उभा राहून बायकांचे गळे न्याहाळतो. कोंदण ढिले होऊन एखाद्या सोनाराने नाणे टोचले तर नसेल, एवढीच त्याला धास्ती.

परवा ती बाई आली. त्याला पाहताच तिने पदर गळ्याभोवती घट्ट ओढला. लोकांचे बोलणे तिच्यापर्यंत पोहोचले होते. त्याने मान खाली घातली. ती पुढे गेल्यावर त्याने मला हळूच विचारले, “भाऊ, तुमाले नाणं दिसलं का?”

मला दिसले नव्हते.