भरतीचा तुकडा, आकडा दोन

रत्नागिरीत आमच्या संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा मी तिथे नुकतीच शिकवायला लागले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही चार-पाच हौशी माणसं दुसऱ्या शनिवारी चपला बाहेर काढून त्या खोलीत जमायचो. ज्याने जे उपयोगी लिहिलं असेल त्याचे छोटे तुकडे एका सामाईक फ्लॉपीवर ठेवायचे. कुणीही न विचारता घ्यावेत, आपल्या प्रोग्रॅमला जोडावेत, हवे तसे बदलावेत.

प्रत्येक तुकड्याच्या लेबलवर आवृत्तीचा आकडा असायचा, आणि त्या आकड्यांची शिस्त मात्र माझी. नुसती साफसफाई केली तर दशांशापुढचा आकडा वाढवायचा. उत्तरच बदलणार असेल तर अख्खा आकडा बदलायचा, आधीच्या बैठकीत सगळ्यांना सांगायचं आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. कुणी विसरलं की मी त्याला फाडून खायची. मला पाठीमागे काय म्हणत असत ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता.

माझी एक मैत्रीण नाटे नावाच्या खाडीकाठच्या गावाहून एसटीने यायची. तिथल्या शाळेत ती शिकवायची आणि तिचे वडील तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमावर चालायची. मी भरतीची वेळ काढणारा एक तुकडा लिहिला होता, तो रत्नागिरी बंदराची वेळ द्यायचा. तिने तो घेतला, तिच्या गावी खाडीत आत पाणी उशिरा चढतं म्हणून त्यात पाऊण तास मिळवला आणि महिन्याभराच्या वेळा छापून घरी नेल्या. वडिलांनी तो कागद खळ लावून दाराशेजारी चिकटवला. हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिचा हेवा वाटला. तोवर तिने स्वतःचं म्हणून काही केलं नव्हतं, आणि वडील तर जन्मभर तिथीवरून बोटांवर भरती काढत आलेले.

मग मी शहाणपणा केला. तिचं काम हलकं व्हावं म्हणून तो पाऊण तास मूळ तुकड्यातच घातला. एक तर ओळ, तिला काय आकडा द्यायचा, असं म्हणून लेबलवर जुना एक हाच आकडा राहू दिला. वहीतही लिहिलं नाही. तिने नेहमीप्रमाणे फ्लॉपीवरून तुकडा घेतला, आपला पाऊण तास मिळवला आणि पुढच्या महिन्याचा कागद छापून नेला.

त्यानंतरच्या बैठकीला ती उशिरा आली आणि तिने आपली फ्लॉपी आणि दाराजवळून काढलेला तो कागद माझ्यापुढे ठेवला. आता हे बंद करते, म्हणाली. वडिलांची होडी जेटीपुढच्या वाळूवर बसली होती. पाणी ओसरत होतं, म्हणून पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. बांगडे मऊ पडले. घरी तिला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

मी कागद हातात घेऊन वेळा पडताळल्या. पाऊण तास दोनदा मिळवला गेला होता, म्हणजे कागदावरची भरती खऱ्या भरतीपेक्षा पाऊण तास उशिराची होती. तिची काहीच चूक नव्हती. दुसरं कुणी असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. इथे तोंड उघडून कबूल करायलासुद्धा मला वेळ लागला. दुपारभर बसून आम्ही नवा कागद छापला. तुकड्यावर दोन हा आकडा घातला, वहीत काय बदललं ते लिहिलं आणि खाली लिहिलं, चूक माझी. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर नाट्याला गेले.

तांडेल अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. मी सगळं सांगितलं, वहीतली ओळही वाचून दाखवली. ते जाळ्यातून हात न काढता ऐकत राहिले.

"तुजा नाव कशाला घालतंस, बाय? माजाच ऱ्हावू दे," ते म्हणाले. जेटीवर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आपणच तिथी मोजायला चुकलो. लोकांचं हसूनही झालं होतं.

मैत्रीण खांबाला टेकून उभी होती. तिने विचारलं, "बा, त्या दिवशी तुज्या बोटांवर काय येत होता?"

त्यांनी गाठ दातांनी ओढली. मग म्हणाले, "बराबर येत होता."

"मग कागदावर कशाला गेलास?"

"तू काढलेला ना."

मी पिशवीतून नवा कागद काढला, त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि वरचा आकडा कसला ते विचारलं. मी सांगितलं. मान वर केली तर मैत्रीण खांबाजवळ नव्हती. आत गेली होती, आणि आली ती वाटीत खळ घेऊन.