दादाचा गुडघा आणि आमचं मैदान

आमच्या मैदानातले दगड कितीही वेचा, दर वर्षी खालून नवे वर येतातच. आमच्या ऑफिसच्या फुटबॉल टीमच्या गोष्टींचंही तसंच आहे. परवा चहाच्या वेळी एक सांगायला घेतली, तर खालून आणखी चार निघाल्या!

टीममध्ये माझा थोरला भाऊ, वसंतदादा. ऑफिसात टेम्पररी कारकून, मैदानात सेंटर-हाफ. १९५६ साली मध्य भारत हे आमचं राज्य जाऊन नवं मोठं राज्य होणार होतं, राजधानी भोपाळ. टेम्पररी लोक सरप्लस, म्हणजे जादा, ठरणार, हे जवळजवळ नक्कीच. दादापुढे एकच वाट होती. नव्या राज्यात आमच्या खात्याची टीम निवडायला ट्रायल मॅच व्हायची होती. त्यात निवडला गेला तर भोपाळला पक्की नोकरी. नाही तर घरी.

मला तर तेव्हा पोस्टमननं कडी वाजवली तरी दादाचं सरप्लसचं पत्रच आलं असं वाटायचं.

*

सेंटर-हाफनं बॉल वाटायचा असतो. दादा तो स्वतःच घेऊन पळायचा, तेही अनवाणी, घोट्याला पट्टी बांधून. मग समोरचे दोघं-तिघं थेट त्याच्या पायांवर यायचे. दर मॅचला काही ना काही सुजायचंच.

कॅप्टन रघूभाऊ ओरडायचे, "अरे वसंता, बॉल पोस्टानं पाठव की! प्रत्येक वेळी स्वतः पोचवायला कशाला जातोस?"

दादा लंगडत म्हणायचा, "पोस्टाचं काय सांगावं भाऊ, तेही सरप्लस झालं तर!"

*

कॉलेजात मी फर्स्ट एडचा कोर्स केला होता. तेवढ्या भांडवलावर रघूभाऊंनी औषधांची पेटी माझ्या हातात दिली. "ताई, फक्त आयोडीन लावायचं. बस, और कुछ नहीं."

पहिल्याच मॅचला दादाचा गुडघा फुटला. मी पेटी घेऊन धावले, वाकले, रक्त पाहिलं... त्यानंतर आठवतं ते झाडाखालचं बाक. दादानं त्याच फुटक्या गुडघ्यानिशी मला उचलून आणलं होतं!

आणि रघूभाऊ रेफरीला विचारत होते, "साहब, नर्स बदल सकते हैं क्या?"

*

मॅचआधी अकराही जणांनी ओळीनं वाकून दगड वेचायचे, हा आमचा नियम. संस्थानं विलीन झाली तेव्हा इंदूरहून बदलून आलेले सोहनी मात्र बूट घालून बाजूला उभे राहायचे. "आमच्या इंदूरला खेळाडू झाडूकाम करत नाहीत हो."

एका मॅचला सोहनी बॉलमागे दगडांवरून घसरत गेले. उठले तेव्हा चड्डीची मागची बाजू मैदानातच राहिली होती. मी घाईघाईनं मैदानामागच्या किल्ल्याकडे बघायला लागले.

पुढच्या रविवारी पोचतो तर सोहनी आमच्या आधी हजर, कमरेत वाकलेले, शेजारी टोपलं! रघूभाऊंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "झालं! आज खरं विलीनीकरण झालं!"

*

ट्रायलच्या दहा दिवस आधी दादाचा गुडघा पुन्हा सुजला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आराम. दादा मला म्हणाला, "आईला कळता कामा नये. समझी?" टोपी बाजारातल्या दवाखान्यातून घरापर्यंत तो अगदी ताठ, सावकाश, एखाद्या संभावित गृहस्थासारखा चालत आला.

आईनं दारातच विचारलं, "कुठला पाय?"

"आई, मी तर नीट चालतोय!"

"म्हणूनच विचारतेय. जन्मात कधी चालत आलायस घरी?"

त्यानंतर रोज आंबेहळदीचा लेप. लावता लावता आई त्या गुडघ्याशीच बोलायची, "एवढी एक मॅच काढ रे बाबा."

*

आमच्या मैदानात खड्डेही होते. ज्याचा पाय ज्यात मुरगळला, त्याचं नाव त्या खड्ड्याला! उजवीकडचा सगळ्यात मोठा तो जोगळेकर. खरे जोगळेकर म्हणजे आमचे हेडक्लार्क. तरुणपणी खेळताना तिथं पडले, ते तेव्हापासून किंचित लंगडायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि सरप्लसच्या यादीत नाव.

ट्रायल आमच्याच मैदानात होती, आणि बडे साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी रोलर फिरला. सगळे खड्डे बुजले; पाय मात्र जुनेच! आमची मुलं सपाट मैदानात जुन्या खड्ड्यांच्या जागी मधूनच टणाटण उड्या मारत होती. बाहेरगावचे खेळाडू चक्रावून बघत होते. मी पेटी उराशी धरून डोळे मिटले, आणि नको तेव्हाच उघडले.

दादा बॉल घेऊन उजवीकडून पळत होता. मागून एका धिप्पाड बॅकनं नेमक्या त्याच दुखऱ्या पायावर लाथ टाकली. दादाला तो दिसलाच नव्हता. पण त्याच क्षणी दादानं सवयीनं उंच उडी घेतली! बॅकचा पाय खालून निघून गेला, बॅक आडवा, आणि गोल!

मॅच संपल्यावर साहेबांनी दादाला बोलावलं. "कमाल है! पीछे देखे बिना कूदे कैसे?"

दादा धापा टाकत म्हणाला, "सर, वहाँ जोगळेकर हैं न. उन्हीं की वजह से."

साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी लिस्ट आली. भोपाळच्या टीमसाठी आमच्या ऑफिसातले दोघं : वसंतदादा, आणि जोगळेकर.

जोगळेकरकाकांनी लिस्ट तीनदा वाचली. चष्मा पुसला. मग दादाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वसंता, घोट्याची पट्टी हल्ली आतून बांधतात की बाहेरून रे?"