एकशे बारा नंबरचा दगड

नाना पोंक्षे दगड चाटायचे. ही चाळीतली अफवा नव्हे, मी रोज बघत होते. सकाळचा चहा झाला की गॅलरीत खुर्ची घ्यायची, मांडीवर खोकं ठेवायचं, एकेक दगड उचलून जिभेचं टोक लावायचं आणि उजेडात धरायचा. ओला झाला की दगडाचा खरा रंग दिसतो म्हणे.

"मग पाणी लावा की," माझ्या सासूबाई पलीकडून म्हणायच्या.

"पाण्याला भांडं लागतं, वहिनी," नाना म्हणायचे.

मेवाडच्या डोंगरांत जस्त आणि शिशाच्या खाणीवर त्यांनी सर्व्हेयर म्हणून उमेदीची वर्षं काढली. छाती बिघडली तेव्हा बायको नव्हती, मुलं नव्हती, दोनशे दगड होते. ते घेऊन ते गिरगावात, फणसवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत आले. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईत नंबर, आणि वहीत त्या नंबराचा पत्ता: कुठला डोंगर, कुठली खाण, किती खोल. पत्त्याशिवाय त्यांना काही चालायचं नाही. भाजीवाल्याला वांग्यांचा पत्ता विचारायचे. मी लग्न होऊन आले आणि पाया पडले, तर आशीर्वादाच्या आधी "पत्ता काय?"

"राजापूर."

"म्हणजे जांभा. काढताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो," नाना म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

त्यांच्या खाणीची हकीकत मला तोंडपाठ झाली होती. कंपनीला वाटत होतं आपण नवी खाण खोदतोय. पण जिथे धातूची शीर लागावी तिथे शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी येऊन गेलेलंच. सुरुंगाची दारू नव्हती, तर ती माणसं खडकाला लाकडं लावून पेटवायची. खडक तापून तडकला की छिन्नीने काढायची. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींत जस्त गाळायची. वापरून टाकलेल्या मुशी रचून गावकऱ्यांनी घरांच्या भिंती बांधल्या होत्या. आणि ही जुनी माणसं कंपनीचे साहेब समजत होते त्याच्या कितीतरी खाली उतरली होती, असं नानांचं म्हणणं. पुरावा एकच. एकशे बारा नंबरचा दगड, तळाच्या कपारीतला, त्या जाळाची काजळी अजून अंगावर असलेला. ती कपार पुढे ढासळली, त्यामुळे दुसरा मिळणं शक्य नव्हतं. दादरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक येत्या रविवारी बघायला येणार होते. पटलं तर दगड कॉलेजच्या संग्रहात जाणार होते, आणि वही छापून निघणार होती.

त्या आठवड्यात गिरगाव पेटलेलं होतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून आमचे हे आत गेलेले. सोमवारी नाना प्राध्यापकांकडे वही दाखवायला दादरला गेले आणि कर्फ्यूमुळे तिथेच अडकले. इकडे बातमी आली की दगडफेक कुठून झाली ते शोधत पोलीस चाळी तपासतायत.

"दोनशे दगड! आणि तेही नंबर घालून!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, भावोजींना सोडतील का?"

किल्ली आमच्याकडेच असायची. आम्ही दगड मोरीत आणले आणि रॉकेल लावून काथ्याने नंबर घासून काढले. सासूबाई आणत होत्या, घासत होते मी. मग ते घराघरांत वाटले. कुणी लोणच्याच्या बरणीवर ठेवला, कुणी दाराला लावला, कुणी तुळशीच्या कुंडीत रोवला. एक काळा उरला. त्याला सासूबाईंनी शेंदूर फासून देवघरात बसवला.

हवालदार आला. "दगड आहेत का घरात?"

"पाटा आहे, वरवंटा आहे," सासूबाई म्हणाल्या.

त्याने देवघराकडे पाहिलं, हात जोडले आणि तो खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी नाना परतले. मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "अरेरे" म्हणाले आणि पिशवी घेऊन घरोघर दगड गोळा करत फिरले. मग खुर्चीत बसून वही उघडली आणि एकेक दगड चाटून ओळखत पुन्हा नंबर घालू लागले.

"हा आंबट कसा?"

"पाटणकरांच्या लोणच्यावर होता."

शनिवारपर्यंत सगळे जागेवर आले. उरला एकशे बारा.

पण शुक्रवारीच आमचे हे सुटून घरी आले होते. "हा बसला आणि माझा मुलगा आला," सासूबाई म्हणाल्या. "आता तो दगड नाही. मी देणार नाही, भावोजी."

मी नानांना गॅलरीत गाठलं. "दुसरा एखादा शेंदूर लावून ठेवते. त्यांना जन्मात कळायचं नाही."

"त्या ज्याला हात जोडतात तो हा आहे, सूनबाई," नाना म्हणाले. "खोटा पत्ता घालायचा नाही."

रविवारी प्राध्यापक आले. "तळाचा पुरावा कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "देवघरात," नाना म्हणाले. प्राध्यापकांना ही थट्टा वाटली. वही छापायची ठरली, एकशे बाराचं शेवटचं प्रकरण सोडून. ती पानं नानांनी स्वतः ब्लेडने कापली. मी ती उचलून माझ्या ट्रंकेत ठेवली, दुसरं काय करणार होते?

पुढे नाना रोज आमच्या देवघरात एक फूल आणून ठेवायचे. देवाधर्माचं नावही न काढणारा माणूस! सासूबाईंना वाटायचं, म्हातारा सुधारला. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी नाना गेले. दगड कॉलेजात गेले होतेच, खोलीत फक्त खुर्ची निघाली.

काही वर्षांनी सासूबाईही गेल्या. देवघर आवरताना मी तो दगड पहिल्यांदा उचलून उलटा केला. तळाला शेंदूर नव्हता. पांढरा ठिपका होता, आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं: ११२. डोंगराचं नाव, खाण, तळाची कपार. त्याखाली: हल्ली मुक्काम फणसवाडी, दुसरा मजला, वहिनींचं देवघर.

म्हणजे तो त्यांच्या हातात आला होता. घरात कोणी नसताना खिशात घालून नेला असता, तर कोण विचारणार होतं? त्यांनी पत्ता लिहिला आणि होता तसा परत ठेवला. मी देवघरासमोर बसून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी तो दगड आणि ट्रंकेतली पानं घेऊन दादरला गेले. प्राध्यापक केव्हाच निवृत्त झाले होते. संग्रहालयातल्या कारकुनाने नोंदवही उघडली, दगड उलटा करून वाचला आणि चष्मा वर केला.

"बाई, इथे दोन पत्ते आहेत. कुठला लिहू?"

"दोन्ही लिहा," मी म्हटलं.