चांदाआधीची माफी

डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "आजी, या वर्षी रोजे नाहीत."

सात रस्त्याजवळचा दवाखाना. बाहेर रिक्षांचा गोंगाट, आत मी आणि माझी सून. शब-ए-बरात होऊन गेली होती, रमजानला पंधरा दिवस उरले होते. मी म्हणाले, "नवव्या वर्षापासून धरतेय. बाळंतपणात सुटलेलेसुद्धा नंतर भरून काढलेत. या वर्षीच काय झालं?"

"या वर्षी तुमची साखर अशी आहे की दुपारी चारशे होईल आणि संध्याकाळी पन्नास. पन्नासला माणूस पडतं. माझे निम्मे पेशंट तुमच्यातलेच आहेत, मला सगळं माहीत आहे. तुमच्या धर्मात आजाऱ्याला सूट आहे की नाही?"

सूट आहे. ज्याला बरं व्हायची आशा नाही त्याने रोज एका गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदिया म्हणतात. ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण सूट घेणाऱ्यांना मी आयुष्यभर काय काय म्हणत आले, तेही मला माहीत होतं.

मी घासाघीस केली. शेवटी डॉक्टर म्हणाले, रमजानच्या आधी, शाबानातच एक रोजा धरून बघा. सकाळची गोळी निम्मी घ्या. दर तीन तासांनी बोट टोचून मशीनवर साखर बघा. सत्तरच्या खाली गेली की त्याच क्षणी सोडा. सुनेने सगळं लिहून घेतलं.

घरी येताना मी एकच विचार करत होते, आणि तो रोजाचा नव्हता. माझ्या जावेचा होता.

ती माझ्या थोरल्या दिरांची बायको. मी तिला भाबी म्हणते, ती मला छोटी म्हणते. मी सत्तरी ओलांडली तरी छोटीच. तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पुढे आहे. बारा वर्षं मी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. लग्न, मयत, सगळीकडे भेटायचो, सलाम करायचो आणि दोन टोकांना बसायचो.

झालं होतं असं. एका रमजानात मी भर दुपारी तिच्याकडे चाळण मागायला गेले. ती दाराआड उभी राहून ग्लासातून पाणी पीत होती. मला बघून तिने ग्लास मागे लपवला. मी चाळण घेऊन आले. पण गोष्ट पोटात ठेवली.

पुढच्या वर्षी रमजानच्या आधी गल्लीतल्या बायका शेवया करायला जमल्या. ईदच्या शीरखुर्म्याच्या शेवया आम्ही रमजान लागायच्या आधीच करून वाळवून ठेवतो. रोजात मशीन फिरवायची ताकद कुठली. एका अंगणात दहा-बारा बायका, बाजेला मशीन आवळलेलं. कुणीतरी पहाटेच्या सहेरीचा विषय काढला. कोण किती भाकरी खाऊन रोजा धरतं, अशी चेष्टा चालली होती. भाबी म्हणाली, "मला एक भाकरी पुरते." मी म्हणाले, "तुला सहेरी कशाला? रोजाखोरला सहेरी नसते."

रोजाखोर म्हणजे रोजा बुडवून खाणारी, आमच्यात ती शिवीच. बायका हसल्या. तिच्या हाताला पीठ होतं. ते न धुताच ती उठून गेली. त्यानंतर ती शेवयांना कधी आली नाही.

दोन वर्षांनी तिच्या पायाचं बोट कापलं, तेव्हा कळलं. तिला सात वर्षांपासून साखर होती. घरात लग्नाची मुलगी होती. आईला साखर आहे म्हटलं की लोक मुलीलाही होईल म्हणतात, म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीच्या ग्लासात साखरपाणी होतं.

हे कळल्यावर मी लगेच जायला हवं होतं. गेले नाही. दरवर्षी शब-ए-बरातला आमच्यात एकमेकांची माफी मागायची रीत आहे. 'कहा-सुना माफ करो' म्हणायचं, म्हणजे बोललं-चाललं माफ करा. आधी दारोदार जाऊन म्हणायचे, आता मोबाईलवर पाठवतात. मी नातीला सांगायचे, "तुझ्या मोठ्या दादीलाही पाठव." तिकडून यायचं, 'सब माफ'. मी म्हणायचे, झालं. दहा वर्षं असं झालं म्हणत आले.

आता डॉक्टरांनी मलाच रोजाखोर करून टाकलं होतं.

गुरुवारी बायकांच्या बयानाला, म्हणजे प्रवचनाला गेले. शिकवायला येते ती मुलगी माझ्या नातीच्या वयाची आहे, पण स्पष्ट बोलते. त्या दिवशी ती म्हणाली, "कहा-सुना माफ, फुलाचं चित्र, आणि पाठवून दिलं शंभर जणांना. याने काय होतं? अल्लाहचा हक अल्लाह माफ करेल. बंद्याचं, माणसाचं मन मोडलं असेल तर ते त्या बंद्यानेच माफ करायचं. काय केलं ते नाव घेऊन सांगा. आणि रमजानच्या चांदाआधी सांगा. मनात अढी ठेवून रोजे धरलेत तर फक्त उपाशी राहिलात."

मी मनात म्हणाले, मला तर उपाशीही राहू देत नाहीत.

त्या आठवड्यात घरात रमजानची तयारी चालली होती. आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो, म्हणून दोन जादा पिंपं घासून ठेवली. गोधड्या धुतल्या. ज्वारी दळून आणली, कारण आम्ही सहेरीला भाकरीच खातो, पोटात टिकते. शेंगाची चटणी मी स्वतः कुटली. मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहे, तिथली गरमी मार्चच्या आधीच सुरू होते. त्याच्यासाठी सब्जा आणून ठेवला. हात कामात होते आणि डोकं दोन गल्ल्या पुढे. रोज ठरवायचे, आज जाते. रोज काहीतरी काम निघायचं. खरं तर काम मीच काढायचे.

मग आजमावणीचा रोजा धरला. मनात ठरवलं की त्याच दिवशी भाबीकडे जायचं. रोजेदाराची दुआ कबूल होते म्हणतात. आणि खरं सांगायचं तर रोजा असताना गेले की माझी मान थोडी वर राहील, असंही वाटलं होतं.

सहेरीला एक भाकरी, दही, चटणी. सुनेने अर्धी गोळी पुढे केली. तिची पाठ फिरल्यावर मी उरलेली अर्धीही गिळली. अर्ध्या गोळीने काय होणार? दिवसभर उपाशी राहायचं तर औषध तरी पूर्ण पोटात असावं, असा माझा हिशेब.

अकरा वाजता सून मशीन घेऊन आली. मी बोट मागे घेतलं. "रक्त निघालं की रोजा तुटतो."

"नाही तुटत, अम्मी. मी मौलानांना विचारून आलेय."

"मौलानांना साखर आहे का?"

"व्हय, आहे. म्हणूनच विचारलं."

एकशे तीस. दोन वाजता शंभराच्या थोडी खाली. सून म्हणाली, "उतरतेय. आता झोपून राहा." ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. मी दुपारची, जोहरची नमाज पढले होते. बुरखा चढवला आणि न सांगता निघाले. मशीन घरातच राहिलं.

ऊन तापलं होतं. दोन गल्ल्या, पण पाय कापसाचे वाटायला लागले. मला वाटलं, भीतीने होतंय.

भाबी बाजेवर बसून मसूर निवडत होती. एका पायाला पट्टी. मला बघून तिने ताट बाजूला केलं नाही.

"सलाम, भाबी."

"वालेकुम सलाम. कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. मीच आले."

"बस मग."

मी बसले. ती खडे वेचत राहिली. मी म्हणाले, "रमजान आला. कहा-सुना माफ करा."

"तुझी नात पाठवते की ते. मी जवाबही देते."

"आज तोंडाने मागते."

"काय माफ करू?"

तिने ताटातून मान वर केली. "काय माफ करू, छोटी? नाव घे की त्याचं."

बयानातली ती मुलगीही हेच म्हणाली होती. मला नाव घ्यायचं होतं. तो शब्द ओठावर होता आणि निघत नव्हता. भाबीचं तोंड मला नीट दिसेना. कपाळावरून घाम गळ्यात उतरत होता. गुडघ्यावर ठेवलेले हात आपोआप थरथरत होते.

तिने मसुराचं ताट खाली आपटलं. "हात बघू. बर्फ झालाय. रोजा आहे तुला?"

"व्हय."

"गोळी किती घेतलीस?"

"एक."

"डॉक्टरने किती सांगितली होती?"

"अर्धी."

"येडी ती येडीच राहिलीस." ती काठी टेकत फडताळाकडे गेली. तिला चालायला वेळ लागतो. ती पाच पावलं मला फार लांब वाटली. ती येईपर्यंत मी बसलेली राहीन की नाही, हे मला कळेना. तिने साखर ढवळून ग्लास माझ्या तोंडाला लावला.

मी तोंड फिरवलं. "रोजा सुटायला, मगरिबला अजून चार तास आहेत."

"चार तासांत तुझा जनाजा निघेल. पी."

"मी आजवर रोजा तोडला नाही."

"मी तोडले. मेले का? नफिलच आहे की, मर्जीचा रोजा, फर्ज नव्हे. पी म्हणते ना!"

मी प्यायले. साखर विरघळलेली नव्हती, दातांत कचकच आली. तिने दुसरा ग्लास केला, तोही पाजला. मग ती बाजेवर बसली. हात थांबले. तिचं तोंड पुन्हा नीट दिसायला लागलं.

मग मी म्हणाले, "मी तुला रोजाखोर म्हणाले. सगळ्या बायकांसमोर. तुला साखर होती आणि तू साखरपाणी पीत होतीस. कळल्यावरही मी आले नाही. ते माफ कर."

"बारा वर्षं लागली."

"लागली."

"आणि स्वतःवर आलं तेव्हा आलीस."

"व्हय."

खोटं बोलून उपयोग नव्हता. तिने मसुराचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "अशी घरात येऊन, दार लावून माफी मिळत नाही. बोललीस बायकांत, माफीही बायकांत माग. त्याच अंगणात. सोमवारी शेवया आहेत ना? मी येते. मग बघू, द्यायची की नाही."

तेवढ्यात सून मला शोधत धापा टाकत आली. तिने बोट टोचलं. साखरपाणी पिऊनही पंच्याऐंशी. तिने मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. ती बरोबरच होती. त्या रात्री मुलाने ठरवलं, अम्मीचे रोजे बंद, फिदिया द्यायचा. मी नाही म्हटलं नाही.

सोमवारपर्यंतचे चार दिवस मला जेवण गेलं नाही, आणि आता तर रोजाही नव्हता. मागितल्यावर ती नाही म्हणाली तर? तो तिचा हक होता. तिच्यावतीने दुसरं कुणी देऊ शकत नव्हतं. आणि चांद चार-पाच दिवसांवर आला होता.

सोमवारी अंगणात तेच मशीन, तीच बाज. जुन्या बायकांपैकी तिघी-चौघी मेल्यात, त्यांच्या सुना बसल्या होत्या. भाबी काठी टेकत आली. तिला खुर्ची दिली. ती बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मदत करणारी बाई ती नव्हेच.

मी पिठाचे हात धुतले नाहीत. उभी राहिले. "याच अंगणात मी भाबीला रोजाखोर म्हणाले होते. ती आजारी होती, साखर होती. आता मलाही आहे. या वर्षी मलाही रोजे नाहीत. मी चुकले. सगळ्यांसमोर माफी मागते."

मशीन फिरवणारीचा हात थांबला. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे की गं, कितीचं जुनं उकरता."

भाबी म्हणाली, "तू गप. सगळ्यात मोठ्याने तूच हसली होतीस."

ती म्हातारी खाली बघून पीठ मळायला लागली. थोड्या वेळाने भाबीने मशीनखालच्या शेवया बोटांवर घेऊन बघितल्या आणि म्हणाली, "जाड येतायत. छोटी, बारीक जाळी लाव." मी जाळी बदलली. संध्याकाळपर्यंत ती बसली, पण 'माफ' हा शब्द काही तिने काढला नाही. जाताना एवढंच म्हणाली, "पहिल्या रोजाला दुपारी माझ्याकडे ये. भाकरी आण. दहा वर्षं रमजानात एकटी जेवतेय, घास उतरत नाही."

चांद दिसला. पोरं गच्चीवरून ओरडली. मला माफी अजून मिळालीच नव्हती.

पहाटे सगळ्यांना सहेरी वाढली. दुपारी फडक्यात दोन भाकऱ्या आणि चटणी घेऊन गेले. गल्ली रोजात होती, दुकानांवर पडदे. भाबी म्हणाली, "दार लावून घे. लोकांना रोजा आहे." मी लावलं. जमिनीवर दस्तरखान अंथरला. तिने डाळ वाढली. माझा हात भाकरीकडे जाईना. साठ वर्षांत पहिल्या रोजाच्या दुपारी मी कधी घास घेतला नव्हता.

"खा," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी असंच होतं. मीही रडले होते."

"मी रडत नाहीये."

"माहीत आहे. तू कधी रडलीस?"

मी घास घेतला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "माफ केलं, छोटी. आता ती चटणी इकडे सरकव. सगळी एकटीच खाशील."