कॅरेज नसलेली सायकल

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. नव्या बायकोला कॅरेजवर बसवून मी धावड्याजवळच्या घाटातून सायकलने उतरत होतो. रस्ता नुसता खडीचा. ब्रेक दाबूनही चाक घसरायचं, पण मागे ती हसत होती. थांबायची लाज वाटली.

वळणाआधी एक दूधवाला सायकल हातात धरून पायी उतरत होता. सायकल पळू नये म्हणून त्याने मागे बाभळीची फांदी बांधली होती, ती खडीवर खरखरत होती. आम्हाला पाहताच त्याने सायकल आडवी घातली. मी कसाबसा पाय टेकवला.

"भाऊ, वहिनीला उतरवा आधी."

"मला येते सायकल," मी चिडून म्हणालो.

तो वाद घालत बसला नाही. त्याने आमचं कॅरेज गच्च धरलं. तेव्हा दिसलं, त्याचे कॅन हँडलला लटकत होते. मागे कॅरेजच नव्हतं.

"काढून टाकलं," तो म्हणाला. "आमची बी अशीच हासत बसल्ती, ह्या वळणापर्यंत."

बायको उतरली.

आता तिथे डांबर आहे. तरी त्या वळणावर स्कूटर हळू करून मी हात मागे नेतो, ती आहे ना ते चाचपायला.